दंड सरकारजमा, नुकसान ग्राहकाचे

तानसा नदीच्या काठावरील वज्रेश्वरीचे देऊळ ही दिलेला शब्द पाळल्याची खूण आहे. वसईच्या मोहिमेवर असताना चिमाजी अप्पांनी देवीला नवस बोलला आणि १७३९ मध्ये किल्ला सर झाल्यावर तो देऊळ बांधून फेडला, अशी परंपरा सांगते. गडासारखी तटबंदी असलेले ते देऊळ आजही भाविकांनी गजबजलेले असते. मात्र त्याच देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आता शब्दांचा निराळाच बाजार भरला आहे. अंबाडी नाक्यावरून शिरसाडच्या दिशेने जाणाऱ्या प्रवाशाला, गरम पाण्याच्या कुंडांजवळ हक्काचा भूखंड, सुलभ हप्ते, लवकरच येणारा महामार्ग अशा आश्वासनांची रेलचेल आढळते. जे फलकावर मावत नाही ते मोबाइलच्या पडद्यावर येते. ही आश्वासने देणारा बहुधा जमिनीचा मालक नसतो, विकासकही नसतो. तो मधला माणूस असतो. शब्द खोटा ठरला तर त्याची किंमत कोणी मोजावयाची, हा या बाजाराचा मुख्य प्रश्न आहे आणि आजवर त्याचे उत्तर एकच मिळत आले आहे: ज्याने विश्वास ठेवला त्याने.

या परिसरात जमिनीला अचानक मोल का आले हे समजण्यास फार दूर जावे लागत नाही. नागपूरहून निघालेला समृद्धी महामार्ग भिवंडी तालुक्यातच, आमणे येथे येऊन थांबतो. इगतपुरी ते आमणे हा त्याचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गही याच पट्ट्यातून जात आहे. भिवंडीभोवतीच्या शेतांत गोदामे उभी राहण्याचा क्रम तर कितीतरी वर्षांचा आहे. रस्ता येण्यापूर्वी रस्त्याची बातमी येते आणि बातमीच्याही आधी दलाल येतो, हा महाराष्ट्रातील प्रत्येक मोठ्या प्रकल्पाचा अनुभव आहे. विकासाला विरोध करण्याचे यात कारण नाही. पण विकासाच्या नुसत्या चाहुलीवर जी विक्री होते, तिच्यातील जोखीम सर्वांत दुबळ्या माणसाच्या खांद्यावर यावी, हे न्यायाचे नाही.

हा दुबळा माणूस कोण, हेही स्पष्ट केले पाहिजे. लाखोंची उलाढाल करणाऱ्या धनिकाजवळ वकील असतो, सर्वेक्षक असतो, वेळप्रसंगी ओळखही असते. फसतो तो डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आयुष्य काढलेला कारकून, भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती आलेला गिरणीतला किंवा कारखान्यातला निवृत्त कामगार, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले सोने मोडून गुंठाभर जमीन घेणारी शिक्षिका. रविवारी देवीचे दर्शन, कुंडात स्नान आणि येताना जागा पाहणे, असा बेत असतो. चुन्याच्या रेषा मारलेल्या असतात, हद्दीचे दगड रोवलेले असतात, एखादे फाटकही उभे असते. सातबाऱ्याची झेरॉक्स दाखविली जाते. उद्या भाव वाढणार म्हणून आजच विसार द्या, असा लकडा लागतो. विसार दिला जातो. त्याची पावती असलीच तर साध्या कागदावर असते. दोन-चार वर्षांनी कुंपण घालावयास गेलेल्या ग्राहकाला कळते, की तीच जागा आणखी कोणाला विकली गेली आहे, किंवा ती विकण्याचा अधिकारच कोणाला नव्हता.

शेतजमिनीच्या व्यवहाराभोवती कायद्याची जी कुंपणे आहेत ती शहरी ग्राहकाला ठाऊक नसतात. दलालाला मात्र तोंडपाठ असतात. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार जो शेतकरी नाही त्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ नुसार आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीच्या नावे होऊ शकत नाही. आणि भिवंडी, वाडा, शहापूर या भागांत वारली, कातकरी, मल्हार कोळी या जमातींची वस्ती मोठी आहे. तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा लहान तुकड्यांच्या विक्रीवर निर्बंध घालतो आणि त्यातील मर्यादा व सवलती अलीकडच्या वर्षांत वरचेवर बदलत गेल्याने सामान्य माणसाचा गोंधळ वाढलाच आहे. या अडचणींतून वाट काढण्यासाठी कुलमुखत्यारपत्राचा आणि नोटरीसमोरच्या साठेखताचा आश्रय घेतला जातो. अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात २०११ मध्येच बजावले आहे. पण हा निकाल वज्रेश्वरीला जागा पाहावयास आलेल्या माणसाला कोण सांगणार? ज्याने सांगावयाचे त्याचे पोट तर न सांगण्यावर चालते.

कागद नोंदविला म्हणजे व्यवहार पक्का झाला, ही आणखी एक समजूत. दुय्यम निबंधक मुद्रांक पाहतो, सह्या पाहतो, ओळख पटवितो. विकणाऱ्याची मालकी निर्वेध आहे की नाही याचा निवाडा करणे हे त्याचे काम नव्हे. तामिळनाडूतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हीच स्थिती पुन्हा स्पष्ट केली. सातबारा हीदेखील महसुलाची नोंद आहे, मालकीची हमी नव्हे. अशा रीतीने शासनाचा प्रत्येक विभाग आपापल्या कक्षेत निर्दोष असतो आणि त्या सर्वांच्या मध्ये जी पोकळी उरते तिच्यात ग्राहक पडतो. त्या पोकळीवरून त्याला हात धरून नेण्यासाठीच तर तो दलालाला मेहनताना देत असतो.

आणि नेमका हाच माणूस कागदावर कोठेही नसतो. खरेदीखतात विकणार असतो, घेणार असतो, साक्षीदार असतात. ज्याने दोघांना एकत्र आणले, भाव ठरविला, आश्वासने दिली आणि शेकडा एक-दोन टक्के घेतले, त्याचे नाव नसते. दलाली रोख दिलेली असते. फलकावरचा दूरध्वनी क्रमांक वर्षभरात बंद झालेला असतो. फसवणूक झाल्यावर ग्राहक पोलीस ठाण्यात जातो तेव्हा त्याला आधी हे सिद्ध करावे लागते, की असा कोणी माणूस होता. या व्यवसायात सचोटीने काम करणारे लोक नाहीत असे नव्हे, पुष्कळ आहेत. परंतु त्यांचेही नाव कागदावर येत नसल्यामुळे त्यांच्या सचोटीचाही कोठे हिशेब राहत नाही.

या बेबंदशाहीला लगाम घालण्यासाठी संसदेने २०१६ मध्ये स्थावर संपदा कायदा केला. तो १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला आणि महाराष्ट्रात त्यासाठी ‘महारेरा’ प्राधिकरण काम करू लागले. एजंटाला कायद्याच्या कक्षेत आणणे ही या कायद्याची मोठी कामगिरी होय. कलम ९ ने त्याच्यावर नोंदणीची सक्ती केली. कलम १० ने नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील जागा विकण्यास, खोटी विधाने करण्यास, फसव्या जाहिराती देण्यास त्याला मनाई केली आणि हिशेबाच्या वह्या ठेवण्याचे बंधन घातले. महारेराने पुढे जाऊन २०२३ मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण व परीक्षा अनिवार्य केली आणि प्रमाणपत्र न मिळविणाऱ्या हजारो एजंटांची नोंदणी स्थगित केली. या गोष्टी स्वागतार्ह आहेत. पण कायद्याची कलमे बारकाईने वाचली की एक विसंगती डोळ्यांत भरते.

एजंटाने कलम ९ किंवा १० चा भंग केला तर कलम ६२ प्रमाणे त्याला दिवसाला दहा हजार रुपये या दराने, पण जागेच्या किमतीच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत, दंड होऊ शकतो. हा दंड कोणाला मिळतो? कलम ७६ सांगते, की दंडाची रक्कम राज्य शासन ठरवील त्या खात्यात जमा व्हावी. ग्राहकाच्या नुकसानभरपाईचा निर्णय कलम ७१ नुसार न्यायनिर्णय अधिकारी देतो. पण त्या कलमात ज्या कलमांचा निर्देश आहे ती १२, १४, १८ आणि १९ ही कलमे. फसवी जाहिरात, आराखड्यातील बदल, ताब्यातील विलंब, सदोष मालकी या कारणांसाठी भरपाई देण्याची जबाबदारी त्यांत आहे. परंतु ती प्रवर्तकावर, म्हणजे विकासकावर आहे. एजंटाने केलेल्या फसवणुकीसाठी एजंटाने ग्राहकाला भरपाई द्यावी, असे स्पष्ट कलम त्यांत नाही. म्हणजे दलाल दोषी ठरला तरी त्याचा दंड सरकारजमा होतो आणि ज्याची पुंजी गेली तो हात चोळीत बसतो. गुन्हेगाराला शासन झाले याचे समाधान मोठे असते हे खरे. पण त्या समाधानावर म्हातारपण काढता येत नाही.

वज्रेश्वरीसारख्या ठिकाणी तर अडचण याहून मूलभूत आहे. कलम ९ मधील सक्ती नोंदणीकृत प्रकल्पातील आणि नियोजन क्षेत्रातील जागांच्या संदर्भात आहे. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला कलम ३ ने नोंदणीतून वगळले आहे. एखाद्या शेतकऱ्याचा मोकळा तुकडा, जुन्या मालकाकडून होणारी फेरविक्री, शेतघर म्हणून दाखविलेली जिरायत जमीन हे व्यवहार बहुधा या चौकटीबाहेरच राहतात. ज्या बाजारात फसवणुकीला सर्वांत अधिक वाव, तेथेच नियमन सर्वांत कमी, अशी ही उलटी रचना आहे.

मग ग्राहकाने जावयाचे कोठे? ग्राहक आयोगाचा दरवाजा आहे. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला तो त्यानंतर, १९८६ मध्ये. आता त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आहे. ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग ती ऐकतो. महारेरा असले तरी हा मार्ग बंद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये इम्पेरिया प्रकरणात सांगितले. तथापि भूखंडाच्या बाबतीत येथेही एक खाच आहे. रस्ते, पाणी, गटारे यांसह विकसित केलेल्या आखणीतील भूखंड म्हणजे ‘सेवा’ होय, असे न्यायालयाने नार्ने प्रकरणात २०१२ मध्ये मानले. पण नुसत्या जमिनीच्या तुकड्याचा व्यवहार हा ग्राहकवाद होऊ शकत नाही, असे २०१३ मध्ये गणेशलाल प्रकरणात सांगितले. तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे. फसवणूक उघडकीस येईपर्यंत पुष्कळदा तेवढा काळ गेलेला असतो आणि मुदत केव्हापासून मोजावयाची यावरच पहिली लढाई लढावी लागते.

फौजदारी मार्ग उरतो. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीसाठी आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ ने, गुन्ह्यातून मिळविलेली मालमत्ता जप्त करून ती जिल्हा दंडाधिकाऱ्यामार्फत पीडितांत वाटण्याची सोय केली आहे. ही तरतूद मोलाची आहे आणि जमिनीच्या फसवणुकीत तिचा उपयोग पोलिसांनी तत्परतेने केला पाहिजे. परंतु जप्त करावयास काही उरलेले असेल तरच ना! दलालाने पैसा खर्चून टाकला, नातलगांच्या नावे केला किंवा तो परागंदा झाला, तर न्यायालयाचा हुकूमनामाही भिंतीवर लावण्यापुरताच उपयोगी पडतो.

ठाणे आणि पालघर या दोन जिल्ह्यांनी अलीकडे जे पाहिले ते विसरण्यासारखे नाही. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवून ६५ इमारती उभ्या करण्यात आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला. नालासोपाऱ्यात आरक्षित जागेवर बांधलेल्या ४१ बेकायदा इमारती न्यायालयाच्या आदेशानेच २०२४-२५ मध्ये जमीनदोस्त झाल्या. कायद्याच्या दृष्टीने हे आदेश अटळ होते. पण अशा इमारतींतील घरे कोणीतरी दाखविलेली असतात, कोणीतरी कागद ठीक असल्याचे सांगितलेले असते आणि प्रत्येक घरामागे कोणीतरी दलाली घेतलेली असते. इमारत पाडणाऱ्या यंत्राचा घाव घरमालकाच्या संसारावर पडला. दलालीचा एक रुपयाही परत आणण्याची व्यवस्था मात्र कोणाजवळ नव्हती.

अशी व्यवस्था करता येत नाही असे नाही. मुंबईतच तिचे उदाहरण आहे. मुंबई शेअर बाजाराने १९८६ मध्ये गुंतवणूकदार संरक्षण निधी स्थापन केला. बाजाराचा सभासद दलाल दिवाळखोर ठरला तर त्याच्या अशिलांना ठराविक मर्यादेपर्यंत या निधीतून भरपाई मिळते. शंभर शेअर घेणाऱ्याला जे संरक्षण आहे, ते आयुष्यभराची कमाई एका गुंठ्यात घालणाऱ्याला नसावे, याचे समर्थन कसे करावयाचे? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तर १९६४ पासून नेमका याच कारणासाठी निधी आहे. एजंटांच्या परवाना शुल्कातून तो उभा राहतो. परवानाधारक एजंटाने लबाडी केल्याचा अंतिम निकाल लागला आणि त्याच्याकडून वसुली होणे अशक्य ठरले, तर ग्राहकाला एका व्यवहारापोटी पन्नास हजार डॉलरपर्यंत रक्कम निधीतून दिली जाते. आणि ती रक्कम व्याजासह परत करीपर्यंत त्या एजंटाचा परवाना स्थगित राहतो.

महाराष्ट्राने असा निधी उभारावा. त्यासाठी दिल्लीकडे डोळे लावून बसण्याचे फारसे कारण दिसत नाही. दंडाची रक्कम कोणत्या खात्यात जमा व्हावी हे ठरविण्याचा अधिकार कलम ७६ ने राज्य शासनालाच दिलेला आहे. ते खाते फसविल्या गेलेल्या ग्राहकांचे असावे, एवढा निर्णय घेतला तर निधीची पायाभरणी होऊ शकेल. एजंटांच्या नोंदणी शुल्कावर अल्पसा अधिभार ठेवून त्यात नियमित भर घालता येईल; तेवढ्यासाठी नियमांत बदल करावा लागेल, तो करावा. महारेराचा, ग्राहक आयोगाचा किंवा न्यायालयाचा अंतिम आदेश ही भरपाईची अट असावी, म्हणजे बनावट दाव्यांना आळा बसेल. निधीने दिलेली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे एजंटाकडून वसूल व्हावी आणि ती फिटेपर्यंत त्याला धंदा करता येऊ नये.

याच्या जोडीला आणखी एक सुधारणा तातडीची आहे आणि तिला पैसाही लागत नाही. जमिनीच्या किंवा घराच्या प्रत्येक नोंदणीकृत दस्तात मध्यस्थाचे नाव, नोंदणी क्रमांक आणि दिलेली दलाली लिहिणे सक्तीचे करावे. मध्यस्थ नसेल तर तसे दोन्ही पक्षांनी लिहून द्यावे. स्थावर संपदा कायद्याच्या कलम ४ नुसार प्रवर्तकाला आपल्या एजंटांची नावे व पत्ते सादर करावे लागतात. तोच नियम भिवंडीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात येणाऱ्या गुंठाभराच्या खरेदीखतालाही लागू व्हावयास हरकत कोणती? नाव कागदावर आले की जबाबदारी आली आणि जबाबदारी आली की निम्म्या भूलथापा आपोआप थांबतात.

या सूचनेवर आक्षेप येतील. चोरांच्या पापाचे ओझे प्रामाणिक दलालांनी का वाहावे, असे विचारले जाईल. पण विश्वास ही या व्यवसायाची सामायिक पुंजी आहे; ती बुडाली तर प्रामाणिक माणसाचाच धंदा आधी बसतो. आपल्यामागे निधी उभा आहे असे नोंदणीकृत एजंटाला सांगता आले, तर ग्राहक त्याच्याकडे वळेल आणि नोंदणी नसलेल्याला टाळील. आज नोंदणी क्रमांक विचारण्यात ग्राहकाचा काही प्रत्यक्ष लाभ नाही. निधी झाला की तो होईल. दुसरा आक्षेप असा, की ग्राहकाने डोळे उघडे ठेवून व्यवहार करावा, त्याच्या लोभाची भरपाई समाजाने का करावी? सावधगिरी हवीच. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध, मोजणी, मूळ फेरफार यांना पर्याय नाही. परंतु स्वस्त जागेची आशा धरणे हा लोभ नव्हे. मुंबईच्या परिसरात ज्यांना महाग जागा परवडत नाही त्यांची ती गरज आहे. शिवाय ज्या माहितीसाठी ग्राहकाने मेहनताना दिला ती खोटी निघाली, तर दोष देणाऱ्याचा की घेणाऱ्याचा?

या बाजारात आणखी एक फसविला गेलेला माणूस आहे, आणि तो तक्रार करावयासही फारसा येत नाही. तो म्हणजे मूळ जमीनधारक. थोड्या विसाराच्या बदल्यात कोऱ्या कागदावर अंगठा घेतलेला आदिवासी किंवा छोटा शेतकरी. त्याच्या कुलमुखत्यारपत्रावर दलाल अनेकांना जागा विकतो; खटले मात्र त्याच्या नावे भरले जातात. बेकायदा हस्तांतरित झालेल्या जमिनी आदिवासींना परत देण्याचा कायदा महाराष्ट्राने केला, त्याला १९७४ पासून अर्धशतक लोटले. भरपाईची कोणतीही व्यवस्था आखताना या माणसाची जमीन सुरक्षित राहील आणि ग्राहकाची भरपाई दलालाकडूनच होईल, हे पाहावे लागेल. दोन गरिबांना एकमेकांच्या दारात उभे करून मधल्या माणसाने निघून जावे, असा न्याय असू शकत नाही.

देवीला बोललेला नवस फेडला नाही तर अनिष्ट ओढवते, असे श्रद्धाळू मानतात. माणसाला दिलेला शब्द मोडला तर काय ओढवावे, हे ठरविणे देवीच्या नव्हे, शासनाच्या हाती आहे. दलालाला दंड करून शासनाची तिजोरी भरते. त्याने बुडविलेल्याची ओंजळ रिकामीच राहते. हा हिशेब उलटा करणे अवघड नाही. मंत्रालयाने तो मनावर घेईपर्यंत मात्र वज्रेश्वरीच्या रस्त्यावर चुन्याच्या नव्या रेषा पडतच राहतील.